प्रेसवर गार्ड परत कसे बसले : माझा अनुभव

मुंबईच्या पूर्व उपनगरात, लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात मी प्रेस ऑपरेटर आहे आणि युनियनच्या कमिटीवरही आहे. कारखान्याचं आणि युनियनचं नाव लिहीत नाही, कारण आम्ही सगळे अजून तिथेच कामाला आहोत. आमच्या जुन्या पॉवर प्रेसवरचे, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवरचे, गार्ड (हात आत जाऊ नये म्हणूनचं आवरण) कधी काळी निघाले ते निघालेच. ते परत बसवायला काय काय करावं लागलं ते लिहितोय. पत्राकामात असलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी मशीन समजून घ्या, कारण सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. आमच्या बहुतेक प्रेस की-क्लचच्या. पायाने पेडल दाबलं की क्लचची चावी फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात, बसते आणि रॅम, म्हणजे ठोका मारणारा भाग, खाली येतो. एकदा निघालेला रॅम मध्येच थांबवता येत नाही, पूर्ण फेरी मारूनच तो वर थांबतो. चावी किंवा स्प्रिंग झिजली, ब्रेकचं लायनिंग गुळगुळीत झालं, की पेडलवरून पाय काढलेला असला तरी रॅम पुन्हा खाली येतो. मशीनने डबल मारला, असं आम्ही म्हणतो. आणि नेमका तेव्हाच ऑपरेटरचा हात तयार माल काढायला डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेलेला असतो.

2023 च्या पावसाळ्यात रात्रपाळीला असाच एक डबल बसला. ठेकेदाराकडचा विशीतला मुलगा होता. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची पेरं गेली. त्याला गाडीत घालून एका खासगी दवाखान्यात नेलं, आणि सकाळी रजिस्टरमध्ये नोंद दिसली ती ‘हाताला किरकोळ इजा’ अशी. अपघातामुळे कामगार 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 88 प्रमाणे कारखाना इन्स्पेक्टरला कळवावंच लागायचं. कळवलेलं नव्हतं. त्याची ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, नोंदणीही नव्हती.

कमिटीत पहिला प्रश्न आला तो हाच, की तो आपला मेंबर नाही, मग आपण किती ताणायचं? मला याचा खूप राग आला. त्याच प्रेसवर दिवसपाळीला आमचेच मेंबर बसतात. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 2 मधल्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही ‘कामगार’च होता. मी बैठकीत जुने कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण करून दिली. रविवारच्या सुट्टीसाठी आपण त्यांचं नाव घेतो, पण 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्या पुढाकाराने जे निवेदन दिलं, त्यात आणखी एक मागणी होती. कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. त्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आमचे जनरल सेक्रेटरी, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “विषय पत्रात घ्या. त्या पोराचं नाव पहिल्या ओळीत.”

तोंडी तक्रारी आधी खूप झाल्या होत्या. सुपरवायझर ‘बघतो’ म्हणायचा. म्हणून या वेळी एकही गोष्ट तोंडी करायची नाही असं ठरलं. युनियनच्या लेटरहेडवर व्यवस्थापनाला पत्र दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतली. पत्रात ‘मशीन असुरक्षित आहेत’ असं मोघम लिहिलं नाही. प्रत्येक प्रेसचा नंबर, गार्ड आहे का, डबल कधी कधी मारला, मेंटेनन्सला कधी सांगितलं, पाळी कोणती, असा तक्ताच जोडला. ऑपरेटर आपापल्या वहीत टिपून ठेवत होते, ते इथे कामी आलं. सुरक्षा समितीच्या बैठकीचं इतिवृत्तही मागितलं. त्यात मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टर स्पर्धेवर पानभर मजकूर होता आणि गार्डबद्दल एक ओळ नव्हती.

उत्तर आलं ते कलम 111 दाखवून. सुरक्षेसाठी बसवलेल्या साधनांशी कामगाराने छेडछाड करायची नाही, असं ते कलम सांगायचं. गार्ड तुम्हीच काढता, तेव्हा कारवाई तुमच्यावरच होऊ शकते, असा त्या पत्राचा सूर. दोन-चार जण घाबरले, आणि त्यांना मी दोष देत नाही.

खरी गोम होती उत्पादनाच्या नॉर्ममध्ये. पाळीला किती नग निघायला हवेत तो आकडा गार्ड नसताना काढलेला. गार्ड लावला की सुटे तुकडे चिमट्याने आत सरकवावे लागतात, नग कमी निघतात आणि इन्सेंटिव्ह जातो. वर सुपरवायझर विचारतो की आज माल कमी का. मग सेटर डाय बदलताना गार्ड काढतो आणि परत लावत नाही, आणि ऑपरेटरही लाव म्हणत नाही. आम्ही एका प्रेसच्या प्रॉडक्शन स्लिपा काढल्या, गार्ड असतानाच्या आणि नसतानाच्या, आणि दोन्ही गठ्ठे एकत्र जोडले. छेडछाड कोण करतंय आणि कशामुळे, याला त्याहून चांगलं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

हे सगळं घेऊन आम्ही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात गेलो. तिथे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, कारखान्यांच्या सुरक्षेची तक्रार त्यांच्याकडे करायची. ज्यांना नोकरीची भीती वाटायची त्यांच्यासाठी तेव्हा कलम 118-अ होतं. तक्रार कुणाकडून आली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं असायचं, आणि ही तपासणी तक्रारीवरून होतेय हेसुद्धा मालकाला सांगायचं नसायचं. तक्रारदाराची संमती असेल तरच नाव उघड करता यायचं. आम्ही युनियन म्हणून उघडपणे सही केली, पण ऑपरेटरांचे जबाब वेगळ्या बंद पाकिटात दिले. आवक क्रमांक लिहून घेतला आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तो टाकला.

इन्स्पेक्टर आले ते सरळ प्रेसशॉपमध्ये. ज्या प्रेसवर अपघात झाला होता तिच्यासमोरून सगळ्यांना मागे सरकायला लावलं आणि सेटरला पेडल दाबून लगेच सोडायला सांगितलं. रॅम खाली आला, वर गेला, थांबला. पुन्हा तेच. पुन्हा एकदा दाबल्यावर तो वर जाऊन क्षणभर रेंगाळला आणि कुणाचाही पाय पेडलवर नसताना धाडकन खाली आला. डायमध्ये ठेवलेल्या लाकडी पट्टीचे दोन तुकडे झाले. मॅनेजर साहेब समोरच उभे होते. इन्स्पेक्टरने ती प्रेस दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवण्याचा लेखी आदेश दिला. कलम 40 खाली तसा अधिकार होता. बाकीच्यांना कलम 21 प्रमाणे गार्ड बसवायला मुदत दिली.

मग व्यवस्थापनाने सुचवलं की सगळ्या प्रेसवर प्रकाशकिरणांचे सेन्सर लावू, हात आत गेला की मशीन थांबेल. ऐकायला उत्तम वाटतं. पण की-क्लचचा रॅम मध्ये थांबतच नाही, तर सेन्सर थांबवणार काय? ते हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसलाच उपयोगी, कारण तिचा रॅम मध्येच थांबवता येतो. शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत मी प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथे हे नीट समजावून घेतलं होतं, म्हणून बैठकीत ठामपणे बोलता आलं. जुन्या प्रेसला पक्का बंद गार्ड हवा, किंवा डाय उघडल्यावरची फट 6 मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायची, म्हणजे बोट शिरायला जागाच राहत नाही. शेवटी तसंच ठरलं. सुट्या तुकड्यांसाठी घसरपट्टी आणि चिमटे आले.

गार्ड लागले, पण नॉर्म तोच राहिला असता तर ते पुन्हा निघाले असते, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणून भाऊंनी अट घातली की गार्ड लावून नव्याने टाइम स्टडी करा आणि नवा नॉर्म करारात लिहा. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, रात्री उशिरापर्यंत बैठका चालल्या. करारात घालायचं कारण असं, की महाराष्ट्रात 1971 च्या कामगार संघटनांविषयीच्या कायद्याप्रमाणे, झालेला करार न पाळणं ही अनुचित कामगार प्रथा ठरते आणि औद्योगिक न्यायालयात जाता येतं. नुसत्या सूचनाफलकावरच्या परिपत्रकाला तो जोर नसतो. प्रशिक्षण न झालेल्या माणसाला, तो ठेकेदाराचा असो वा कायम, प्रेसवर बसवायचं नाही, हेही कलम आम्ही त्यात घातलं.

त्या मुलाचं ईएसआयसीचं काम वेगळं चाललं. ठेकेदाराने वर्गणी भरली नसली तरी जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कारखान्याची, असते, हे पत्रात लिहिल्यावर कागद हलले. तात्पुरत्या अपंगत्वाचे, म्हणजे पगाराच्या 90 टक्के, पैसे आधी सुरू झाले. कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डापुढे जावं लागलं. फॉर्म भरताना त्याने पेन अंगठा आणि अनामिकेच्या मध्ये धरलं होतं आणि सही एका दमात केली. “काका, जमतंय आता,” म्हणाला. आता तो स्टोअरमध्ये आहे, कंपनीच्या हजेरीपटावर. ते मिळवायलाही वेगळं भांडावं लागलं.

हे सगळं जुन्या कायद्याखाली झालं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे वरची कलमं जशीच्या तशी पत्रात टाकू नका. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 14 मध्ये गंभीर धोका दिसला तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क दिला आहे. आमच्या ग्राइंडिंग विभागातल्या धुळीबद्दलचं पत्र त्याच कलमाखाली तयार केलंय. या आठवड्यात ते द्यायचं आहे, प्रत्येक मशीनच्या तक्त्यासकट.