ट्रस्टची जमीन विकायची? सातबाऱ्याआधी परिशिष्ट १ काढा

जमिनीची कामं करणारा वकील फाइल हातात आली की आधी सातबारा उघडतो. विकणारा सार्वजनिक न्यास असेल, तर सातबारा थोडा थांबू द्या. आधी धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ ची, म्हणजे न्यासाचे विश्वस्त आणि मिळकती नोंदलेल्या नोंदवहीच्या उताऱ्याची, प्रमाणित नक्कल काढा. मिळकत आणि धर्मादाय अशा दोन्ही बाजूंची वकिली करायची असेल, तर ही सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी.

नक्कलेत दोन गोष्टी पाहायच्या: विक्रीची मिळकत तिथे नोंदलेली आहे का, आणि विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत. अनेकदा तिथे दिवंगत झालेलीच मंडळी सापडतात. मधल्या काळात निवडणुका झालेल्या असतात, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खालचे चेंज रिपोर्ट (नोंदीतला बदल कळवणारे अहवाल) ९० दिवसांत दाखल झालेले नसतात. मग आजच्या मंडळाने केलेल्या विक्रीच्या ठरावावर हरकतदार पहिलं बोट इथेच ठेवतो. विलंबमाफीच्या अर्जासह ते रिपोर्ट आधी मार्गी लावा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही.

मग त्याच अधिनियमाचं कलम ३६. त्यानुसार विक्री, अदलाबदल आणि बक्षीस यांना, तसंच शेतजमिनीच्या १० वर्षांहून आणि बिगरशेती जागा किंवा इमारतीच्या ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. २०१७ च्या दुरुस्तीने मागाहून मंजुरीची सोय आली, ती अपवादात्मक परिस्थितीपुरती. किंमत बाजारभावापेक्षा कमी नव्हती आणि व्यवहार सद्भावनेने झाला, हे तिथेही दाखवावं लागतं. ‘आधी खरेदीखत, नंतर बघू’ असा सल्ला या तरतुदीच्या भरवशावर देऊ नका.

अर्ज बहुधा ‘गरज’ या परिच्छेदात मार खातो. ‘संस्थेस निधीची आवश्यकता आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कोणत्या इमारतीचं काम, अंदाजपत्रक किती, हाती शिल्लक किती, हे आकड्यांत मांडा. न्यासपत्रात हस्तांतराबद्दल काय म्हटलंय तेही लिहा आणि तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडा. जुने भाडेकरू किंवा अतिक्रमण यांमुळे भाव रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) खाली येत असेल, तर कारण अहवालातच आलं पाहिजे, युक्तिवादात नव्हे. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन बंद लिफाफ्यात देकार मागवले असतील, तर खासगीत भाव ठरवल्याचा आरोप टिकत नाही.

शेतजमीन असेल तर सातबाऱ्याचं इतर हक्काचं सदर नीट वाचा. कुळ दिसलं, तर कूळकायद्याच्या कलम ८८ब चं, म्हणजे न्यासाच्या जमिनीला त्या कायद्यातून मिळणाऱ्या सुटीचं, प्रमाणपत्र आहे का ते शोधा. देवस्थान इनाम (देवस्थानाला इनाम दिलेली जमीन) निघालं, तर महसूल खात्याचं वेगळंच प्रकरण उभं राहतं आणि धर्मादाय आयुक्तांच्या एकट्या आदेशावर भागत नाही.

आदेश मिळाल्यावर त्यातली मुदत आणि पैसे कुठे ठेवायचे याची अट अशिलाला लेखी कळवा. आदेशाचा क्रमांक आणि तारीख खरेदीखतात घाला. दस्त नोंदला की ९० दिवसांत पुन्हा एक चेंज रिपोर्ट, या वेळी मिळकत कमी केल्याचा. तो राहिला, तर विकलेली जमीन परिशिष्टावर न्यासाचीच दिसत राहते, आणि खरेदीदार कर्जासाठी बँकेत गेला की बँकेचा वकील नेमका तोच उतारा पुढे ठेवतो.