तुम्ही विचारलंत म्हणून: रानपिंगळ्याचं खरं नाव कुठलं?

मेळघाटला कुणाला सोबत नेलं की पहिल्या चहालाच हा प्रश्न येतो. रानपिंगळा म्हणजे एक छोटं घुबड, त्याचं शास्त्रीय नाव एका पुस्तकात हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी आहे, दुसऱ्यात अथीनी ब्लेविटी, मग खरं कुठलं? आता अथीनी. पण एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, मग मला सगळी वंशावळ काढत बसावं लागतं.

तर १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या साहेबाने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात हा पक्षी मारला आणि १८७३ ला ह्यूमने त्याला नाव दिलं. हो तोच ह्यूम, काँग्रेसवाला! त्याला हा आपल्या नेहमीच्या पिंगळ्यापेक्षा इतका वेगळा वाटला की त्याने नवीन जीनसच (जवळच्या जातींचं घराणं, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) काढलं, हेटेरोग्लॉक्स, म्हणजे सरळ ग्रीकमध्ये 'वेगळं घुबड'. आणि वेगळा दिसतोच हो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीतच, शेपटीवर जाड पट्टे आणि पाय तर असे दणकट, पिसांनी भरलेले, की एवढ्याशा तेवीस सेंटीमीटरच्या पक्ष्याला मोठ्या भावाचे बूट घातलेत असं वाटतं. वर घुबड असून भर सकाळी सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसून शेपटी हलवत असतो, रात्रीची वाट बघत नाही.

नंतरच्या लोकांनी त्याला पिंगळ्याच्याच अथीनी जीनसमध्ये टाकला. पण तपासायला होतं काय, तर म्युझियममधली मोजून सात कातडी, आणि त्यातलं १९१४ चं गुजरातचं म्हणून लेबल लावलेलं तर माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज पक्षीसंग्राहकाने दुसऱ्याचं कातडं चोरून त्यावर नवीन लेबल चिकटवलेलं निघालं. म्हणजे लोक गुजरातमध्ये शोधत बसले आणि पक्षी शेवटचा गोळा केलेला १८८४ ला, आपल्या खानदेशात! शेवटी नोव्हेंबर १९९७ ला पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना तो शहाद्याजवळ जिवंत दिसला. मग हाडं, पिसं, सवयी बघून पुन्हा हेटेरोग्लॉक्स. तुमच्याकडचं पुस्तक बहुतेक त्या काळातलं.

२०१८ ला डीएनएचा अभ्यास आला, आपल्याकडच्याच संशोधकांचा, आणि त्यात हा अथीनीच्या घरातलाच निघाला. पाय दणकट असले म्हणून आडनाव बदलत नाही. मला स्वतःला हेटेरोग्लॉक्स गेल्याचं जरा वाईट वाटलं, ऐकायला भारी होतं, पण नात्याच्या प्रश्नात आवडीनिवडीला कोण विचारतो.

एक गंमत मात्र बघा. जीनस कितीही वेळा बदललं तरी ब्लेविटी हलत नाही, नियमच आहे तसा, जातीचं नाव सोबत नवीन घरी जातं. आणि नाव देणाऱ्याला कंस लागतो. हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी ह्यूम, १८७३ असं बिनकंसाचं लिहिलं की समजायचं त्याने ठेवलं त्याच जीनसमध्ये आहे, आणि अथीनी ब्लेविटी (ह्यूम, १८७३) लिहिलं की समजायचं नंतर कुणीतरी हलवलाय. मी वहीत पेनाने लिहून ठेवलेलं, त्यामुळे हेटेरोग्लॉक्सवर काट मारून वर अथीनी लिहिलंय आणि ह्यूमच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने कंस कोंबलेत. तुम्ही पेन्सिल न्या.