रोल ते रेसिपी : आमच्या स्टुडिओची वाटचाल

आमचा स्टुडिओ पाचोऱ्यात. अण्णांनी म्हणजे वडिलांनी सुरू केला तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटचा जमाना होता, मागच्या खोलीत लाल बल्ब आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा वास, तो वास आईच्या साड्यांनाही यायचा. मग कलर रोल आले, ते धुवायला जळगावच्या लॅबला जायचे, आणि ३६ चा रोल जपून भरला तर ३७-३८ फोटो निघायचे म्हणून अण्णा खुश. अण्णांना नाद लागला तो चाळीसगावला, स्टेशनजवळच्या छायाचित्रकार केकी मूस यांच्या बंगल्यात. टेबलावर साधंसुधं सामान मांडून त्या माणसाने जे देखावे उभे केलेत ना, ते फोटोत खरेच वाटतात.

मग डिजिटल आलं, आम्हीही घेतलं, काम फास्ट झालं, पण अण्णा प्रिंट बघून नाक मुरडायचे. आपल्याकडची लग्नं एप्रिल-मेमधली, ऊन कसलं ते खान्देशवाल्याला सांगायला नको, आणि त्यात नवरदेवाचा पांढरा सदरा म्हणजे फोटोत नुसता पांढरा डाग, ना घडी दिसे ना शिवण. निगेटिव्हला जास्त उजेड पडला तरी ती एकदम हात टेकत नाही, पांढरं हळूहळू दाट होत जातं, म्हणून अण्णा उन्हात एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, मुद्दाम जास्त द्यायचे. सेन्सरचं, म्हणजे डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या भागाचं, तसं नसतं, पिक्सेल भरला की भरला, पुढचं सगळं गेलं. तेव्हा डिजिटलला उलटी सवय लावावी लागते, उजेड कमी घ्यायचा आणि सावली नंतर उचलायची.

हे सगळं मला नीट कळलं ते फुजीच्या एस५ प्रो मुळे. २००७ चा कॅमेरा, बॉडी निकॉन डी२०० ची, आम्ही नाशिकहून सेकंडहँड आणला. त्याच्या सेन्सरवर सुमारे ६० लाख मोठे आणि तेवढेच छोटे पिक्सेल, मोठे भरून गेले तरी छोट्यांत उजेडाचा तपशील शिल्लक राहतो. पहिल्याच लग्नात सदऱ्याची घडी दिसली आणि अण्णा म्हणाले, "हा आपला कॅमेरा." बॅटरीची मात्र कटकट, डी२०० ची दिसायला तीच, बसतेही, पण चालत नाही.

खरा धंदा बदलला तो गिऱ्हाइकांमुळे. एक दिवस एक पोरगा आला, लग्न ठरलेलं, म्हणे "ताई, बापना लगीनना आल्बमना मायक फोटू पाहिजे," म्हणजे बापाच्या लग्नाच्या अल्बमसारखे. मग असे बरेच येऊ लागले. एडिटिंगवाले तोवर सगळ्यांनाच गोरं करत होते, गालावरचा तीळसुद्धा पुसायचे. आम्ही ठरवलं, आपल्याकडे चेहरा गोरा करून मिळणार नाही. काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ दे.

तेव्हापासून फुजीच धरलाय, आता एक्स-टी४. ही कंपनी १९३४ पासून फिल्म बनवत आली, त्यामुळे रंगाचं डोकं तिच्याकडे आहे, आणि कॅमेऱ्यातच प्रोव्हिया, अॅस्टिया, क्लासिक क्रोम, क्लासिक नेग असे फिल्मचे रंग मिळतात. पण नुसतं क्लासिक क्रोम लावलं की फिल्म लुक, हे रील बघून झालेलं शहाणपण आहे. क्लासिक क्रोमवर हळद मळकट दिसते! हळदीला आम्ही अॅस्टिया ठेवतो, व्हाइट बॅलन्स किंचित लालकडे, मांडवात क्लासिक नेग, ग्रेन म्हणजे फिल्मसारखा दाणा बारीक. आणि उन्हात डीआर४००, म्हणजे कॅमेरा स्वतःच दोन स्टॉप उजेड कमी घेतो आणि सावल्या उचलून देतो, त्यासाठी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४० तरी लागतो, म्हणून भर दुपारी लेन्स पूर्ण उघडी ठेवायची तर तिच्यावर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, चढवावी लागते नाहीतर शटर पुरत नाही. कॅमेऱ्याच्या सी१ ते सी७ या कप्प्यांत हे सगळं सेव्ह असतं, याच सेटिंगला रेसिपी म्हणतात, फोटो कॅमेऱ्यातूनच जवळपास तयार निघतो, रात्र रात्र कॉम्प्युटरसमोर बसणं गेलं. लहान भावाचा चष्म्याचा नंबर त्यामुळे थांबला असं आई म्हणते, मला शंका आहे.

मधेच कॉलेजच्या पोरांचं ते सीसीडीचं, म्हणजे जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांचं खूळ आलं, जुने कूलपिक्स, सायबरशॉट मागत येतात. आम्ही घरोघरच्या कपाटातून असे कॅमेरे विकत घेतो, कॉन्टॅक्ट साफ करून, बॅटरी बदलून विकतो. सीसीडीत काही जादू नाही हो, तो लुक छोटा सेन्सर, समोरून फाडकन पडणारा फ्लॅश आणि जुन्या जेपेगचे रंग या सगळ्याचा मिळून आहे, असं मी प्रत्येकाला सांगते आणि तरी ते घेतात. घेणाऱ्याने एवढं बघा, खूप जुन्यात २ जीबीपेक्षा मोठं कार्ड चालतच नाही आणि काहींना एक्सडी हे वेगळ्याच जातीचं कार्ड लागतं जे आता मिळणं मुश्किल, म्हणून आम्ही कार्ड असल्याशिवाय कॅमेरा विकत नाही.

आता धुळे, शिरपूर, भुसावळकडचे फोटोग्राफर स्वतःचा कॅमेरा घेऊन येतात, आम्ही त्यांच्या भागातल्या उन्हाप्रमाणे आणि ते ज्या लॅबला प्रिंट देतात त्या कागदाप्रमाणे रेसिपी बसवून देतो, चार प्रिंट काढून बघतो मगच पैसे घेतो. प्रिंट मॅटवरच, ग्लॉसीवर ग्रेन चमकतो. लग्नसराईत मात्र फोन करूनच या, दुकानात फक्त अण्णा असतात आणि ते तुम्हाला आधी हायपोच्या गोष्टी सांगतील.