वडाप ते चाळकेवाडी: आमची वाटचाल

आमचा जीप सफारीचा धंदा साताऱ्यात नाही, बालीत सुरू झाला असं सांगितलं की लोक हसतात. मेव्हण्याची सिमेंटची एजन्सी आहे. 2019 मध्ये कंपनीनं जोडीनं बालीची ट्रिप दिली, बहिणीचा पासपोर्ट वेळेत होईना, म्हणून तिच्या जागी मी गेलो. तेव्हा मी सातारा-परळी वडाप, म्हणजे माणशी भाड्याची जीप, मारायचो. दहा-वीस रुपये, मागं दोघं लोंबकळत. कायद्याच्या कडेकडेनं चालणारं काम, लपवत नाही.

बालीत पहाटे अंधारातच उघड्या जीपमध्ये बसवून बातूर ज्वालामुखीकडं नेलं. 1,717 मीटरचा डोंगर, पायथ्याला तळं. 1926 च्या उद्रेकात आख्खं बातूर गाव लाव्ह्याखाली गेलं आणि वरच्या कड्यावर पुन्हा वसलं. काळ्या दगडांतून जीप हिंदकळत होती, मेव्हणा देवाचं नाव घेत होता आणि मी ड्रायव्हरचा क्लचवरचा पाय बघत होतो. गाडी माझ्यापेक्षा म्हातारी असेल. दुपारच्या जेवणाला हॉटेलवर परत. अर्ध्या दिवसाचे त्यानं जे घेतले, तेवढे मला वडापवर आठवडाभरात सुटत नव्हते! परतताना विमानात एकच घोळत होतं: लाव्हा तर आपलाही आहे. आख्खा सह्याद्रीच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, वर जांभ्याचं झाकण. जीपही दारात उभी आहे.

पुढचं वर्ष लॉकडाऊननं खाल्लं. वडाप बंद, हप्ता चालू. त्या रिकामपणात जीपचं इंजिन खोललं, फोर बाय फोर नीट करून घेतलं, पिवळ्या पाटीचा टुरिस्ट परवाना काढला. त्याला किती चकरा पडल्या ते सोडा.

मार्ग ठरवायला मात्र वेळ लागला. पहिला फोन येतो तो कासचा. 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून सातारा म्हणजे कास. ‘कासला ऑफरोड करता का?’ या प्रश्नाला बायको व्हॉट्सॲपवर एका शब्दात उत्तर देते: नाही. तिथं चालायचं असतं. आम्ही दुसऱ्या अंगाला जातो. पहाटे साडेपाचला पोवई नाका, सज्जनगडाखाली चहा, ठोसेघरचा धबधबा, मग चाळकेवाडीचा पवनचक्क्यांचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. पवनचक्क्यांसाठी केलेले कच्चे रस्ते आणि जुन्या बैलगाडीच्या वाटा, एवढंच आमचं ऑफरोड. चढाआधी टायरची हवा तीसवरून वीस पौंडांवर आणतो, लो गिअर टाकतो आणि गप्प बसायला सांगतो. श्रावणातल्या धुक्यात पवनचक्की दिसतच नाही, डोक्यावर नुसता पात्यांचा घुं घुं आवाज. पोरं घाबरतात, मोठी माणसं घाबरत नसल्यासारखं करतात. सड्यावरच झुणका-भाकरी, आणि बाराला साताऱ्यात परत.

पहिल्याच हंगामात मी माती खाल्ली. पुण्याची चार पोरं होती, ‘काका, वाटेवरून तर कारपण जाते’ म्हणून मागं लागली. मलाही जरा मिरवायचं होतं. वाट सोडून गाडी ओल्या सड्यावर घातली. वीसेक फूट गेली आणि रुतली. काढताना मागची चाकं गरागरा फिरली, चिखल पार टपावर. जवळच्या गावचे एक आप्पा म्हशी घेऊन आले, दोर लावून गाडी ओढून दिली. पैसे घेतले नाहीत, बोलले मात्र भरपूर. ते इथं छापण्यासारखं नाही.

तेव्हा वाटलं, चिखल आहे, पाऊस बुजवेल. पुढच्या श्रावणात बघितलं तर दोन्ही बाजूंना सीतेच्या आसवांच्या फुलांचा निळा-जांभळा गालिचा आणि मधे माझ्या गाडीच्या दोन चाकोऱ्या, गढूळ पाण्यानं भरलेल्या. जांभ्यावर माती असते वीतभरसुद्धा नाही. तीही निकस, म्हणून तर ती आसवं मुळाशी बारीक फुगे धरून पाण्यातले जीव खातात. चाकानं ती माती दाबली की बी धरायला काही उरत नाही.

त्यानंतर नियम केला: वाट सोडा म्हणणाऱ्याचे पैसे परत आणि गाडी माघारी. दोनदा खरंच परत केलेत. एकानं एक तारा देऊन ‘ॲडव्हेंचर नाही’ असं लिहिलं. ते बरोबरच आहे.

यंदा दुसरी जीप घेतली, भाचा चालवतो. मुसळधारेच्या दिवसांत आम्ही बंदच ठेवतो, नुकसान होतं पण घाटात दरड कोसळलेली मी बघितली आहे. आणि त्या दोन चाकोऱ्यांपाशी आता प्रत्येक फेरीत थांबतो, इंजिन बंद करून. कोणाच्या चाकाच्या हे पहिल्यांदा सांगायला लाज वाटली, आता वाटत नाही. यंदा काठाला गेंद या रानफुलाची थोडी पांढरी बोंडं आली आहेत. मधे अजून पाणीच आहे.