दादा उभा राहिला!

आज दादाला वॉकरवर उभं केलं. टेम्पोने बाइकला मागून उडवलं, तेव्हा मांडीत रॉड टाकावा लागला होता, वर-खाली स्क्रूने अडकवलेला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून तुटल्या जागेभोवतीचा धुरकट ढग दाखवला, "हे नवीन हाड." आम्ही सगळे माना वाकड्या करून बघतोय! हाड जुळतंय, खरी पंचाईत गुडघ्याची. फिजिओवाल्या ताई गोड बोलत बोलत असा वाकवतात की दादा वॉर्ड डोक्यावर घेतो.

आणि हो, अपघातानंतर ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. ठरावीक रुग्णालयांत. आम्हाला तेव्हा कुणी सांगितलंच नाही, तुम्ही विचारा.

गुडघा आता ९० अंशांपर्यंत न्यायचाय म्हणे. दादा आत्तापासूनच कारणं शोधतोय.