वळिवडे ते ग्दान्स्क

वॉर्सात मी खरं तर एका दगडासाठी उतरलो होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ एक स्मृतिफलक आहे आणि त्यावर चक्क वळिवडे-कोल्हापूर लिहिलंय. आम्ही लहानपणापासनं गांधीनगरला कपडे घ्यायला जातोय, त्याला लागूनच वळिवडे, आणि तिथं 1943 ते 1948 पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. स्टॅलिनच्या लोकांनी 1940 पासनं त्यांना घरातनं उचलून सायबेरिया, कझाकस्तानला नेऊन टाकलेलं, तिथनं सुटून इराणमार्गे ते आमच्याकडं आले. फलकाला हात लावून बराच वेळ उभा होतो.

तिथं मला जे समजलं ते जास्त लागलं. यातले जे लोक युद्धानंतर पोलंडला परत गेले त्यांना आपण भारतात कसे पोचलो हेच उघड सांगता येत नव्हतं. कारण तो किस्सा सांगायचा म्हणजे सायबेरिया सांगायला लागणार, आणि सोव्हिएत युनियन तर तिथल्या कम्युनिस्ट सरकारचा दोस्त. कातिनच्या हत्याकांडाचंही तसंच, सुमारे 22 हजार पोलिश अधिकारी वगैरे मंडळींना 1940 मध्ये सोव्हिएत पोलिसांनी मारलं आणि पन्नास वर्षं सरकारी उत्तर एकच, जर्मनांनी मारलं. मॉस्कोनं ते कबूल केलं एप्रिल 1990 मध्ये. म्हणजे कम्युनिस्ट राजवट गेली याचा अर्थ आधी माझ्या डोक्यात निवडणुका, झेंडे, बर्लिनची भिंत एवढाच होता, पण इथं आल्यावर कळलं की खरी गोष्ट बोलता येण्याची होती.

दुसऱ्या दिवशी ट्रेन पकडून ग्दान्स्क या बंदराच्या शहरात गेलो, तीनेक तास लागतात. स्टेशनपासनं चालत शिपयार्डचं गेट नंबर 2. निळं, साधं लोखंडी गेट, कुणी सांगितलं नाही तर आपण पुढं निघून जाऊ. याचं नाव तेव्हा लेनिन शिपयार्ड होतं. आन्ना वालेंतिनोविच नावाची क्रेन ऑपरेटर, रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेले, तिला ऑगस्ट 1980 मध्ये कामावरनं काढलं, आणि 14 ऑगस्टला संप सुरू झाला तो पहिल्यांदा हिला परत घ्या म्हणून. मग लेख वालेन्सा आला, तोही तिथनंच काढलेला इलेक्ट्रिशियन. मागण्या वाढत वाढत 21 झाल्या आणि त्या दोन लाकडी फळ्यांवर रंगानं लिहून याच गेटवर टांगल्या. त्या फळ्या आता शेजारच्या म्युझियममध्ये आहेत, मी त्यांच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिली मागणी कम्युनिस्ट पक्षापासनं स्वतंत्र युनियनची, तिसरी बोलण्या-छापण्याच्या स्वातंत्र्याची, आणि खाली तेराव्या नंबरला मांसासाठी रेशनकार्ड द्या! कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्या देशात कामगारांना हे मागायला लागत होतं, वाचताना घशात काहीतरी अडकलं.

गेटबाहेर तीन क्रॉस आहेत, 42 मीटर उंच, डिसेंबर 1970 मध्ये गोळीबारात मेलेल्या कामगारांचे. हे स्मारकही त्या संपातनंच मिळालेलं.

31 ऑगस्टला सरकारनं करारावर सही केली, सॉलिडॅरिटी नावाच्या त्या स्वतंत्र युनियनचे जवळपास एक कोटी सभासद झाले, मग 13 डिसेंबर 1981 ला लष्करी कायदा, हजारो लोक आत. आपण 1989 म्हणतो तेव्हा ही मधली आठ वर्षं विसरतो, मला ते बरोबर वाटत नाही. 4 जून 1989 ला अर्धवट मोकळी निवडणूक झाली, लोकसभेसारख्या सभागृहात फक्त 35 टक्के जागा खुल्या, त्या सगळ्या 161 सॉलिडॅरिटीनं घेतल्या आणि सिनेटच्या 100 पैकी 99. ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे माझोव्हिएत्स्की पंतप्रधान. त्यानंतर नोव्हेंबरात बर्लिन, प्राग, आणि डिसेंबरात रोमानिया, जिथं मात्र हजारावर माणसं गेली. जग भिंतीचा फोटो लावतं, मला विचाराल तर मी या गेटचा लावेन.

आम्हाला फिरवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या, त्यांचे वडील त्या संपात होते. मी विचारलं पुढं काय झालं. म्हणाल्या, 1990 मध्ये एकदम बाजार मोकळा केला, भाव भडकले, आणि 1996 ला शिपयार्डच दिवाळखोरीत गेलं, ज्यांनी लढा दिला त्यांचंच काम गेलं, बाबा बरीच वर्षं गप्प गप्प असायचे. मग राग नाही का, असं मी विचारलं, थोडं भीतभीतच. त्या म्हणाल्या राग आहे, बाबा जेवायच्या टेबलाशी बसून मोठमोठ्यानं बोलतात सगळ्या सरकारांबद्दल, आम्हाला जेवू देत नाहीत. आणि पासपोर्ट. पूर्वी तो घरी ठेवता यायचा नाही, परत आलं की सरकारी ऑफिसात जमा करायचा, आता बाबांचा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असतो, दर महिन्याला काढून बघतात आहे का म्हणून, आणि गेलेत फक्त एकदा, बहिणीकडं जर्मनीला.