बाण दिसला का?

दुपारचे दोन वाजले असतील. गेली वीस मिनिटं बाण दिसला नव्हता. वाट एकच होती, फाटा फुटायलाही जागा नव्हती. एका बाजूला रचलेल्या दगडांचा गडगा, दुसऱ्या बाजूला शेत. चुकायचं म्हटलं तरी चुकता आलं नसतं. तरीही आम्ही दोघी उगाचच हळू आवाजात बोलायला लागलो होतो. "मागे वळायचं होतं का गं?" मैत्रीण म्हणाली. तेवढ्यात गडग्याच्या एका दगडावर, शेवाळातून डोकावणारा, पोपडे निघालेला पिवळा बाण दिसला. सरळ पुढे रोखलेला. म्हणजे आम्ही निघालो होतो तिकडेच. नवीन काही सांगितलं नाही त्याने, पण आमचे आवाज पूर्ववत झाले.

वारसा वाट म्हणून आखलेली ही पायवाट. तीन-चार तासांची, अधूनमधून माहितीफलक. जुनं काही बघावं म्हणून आलो आणि सकाळपासून बघत होतो काय, तर रंग.

वळणावरच्या बाणाचं मला फारसं अप्रूप नाही. तो नसेल तर माणूस भलतीकडे जाईल, म्हणून तो आहे. मला आवडतो तो सरळ वाटेवरचा, बिनकामाचा बाण. ज्याने तो काढला त्याला ठाऊक असणार, की इथे वाट चुकत नाही, पण धीर सुटतो.

लहानपणी कधीमधी रात्री उशिरा बाबांबरोबर अंधारातून चालत घरी यावं लागे. बाबा पुढे, मी मागे. हात धरायचं वय संपलं होतं, निदान माझं मत तसं होतं. बाबा बोलत नसत. पण थोड्या थोड्या वेळाने खाकरत. दहा-वीस पावलं झाली की एकदा, पुन्हा दहा-वीस पावलांनी एकदा. घरात ते असे खाकरलेले मला आठवत नाहीत. रात्रीची हवा बाबांना सोसत नाही, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती.

तर बाण. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात देनकूर नावाच्या गृहस्थाने १८४२ च्या सुमारास झाडांवर आणि खडकांवर निळे बाण काढायला घेतले. नेपोलियनच्या फौजेतला जुना शिपाई. लढाया संपल्यावर हातात रंगाचा डबा घ्यावासा वाटणारा शिपाई मला फार जवळचा वाटतो. स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेची जुनी वाट विस्मरणात चालली होती, तेव्हा ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या १९८४ मध्ये पिवळा रंग घेऊन निघाले आणि वाटभर बाण काढत सुटले. फ्रान्सच्या सरहद्दीजवळ पोलिसांनी हटकलं, तर म्हणे त्यांनी सांगितलं, की फ्रान्सकडून मोठं आक्रमण व्हायचंय, त्याची तयारी करतोय. किस्सा खरा असो-नसो, पुढे यात्रेकरूंची रीघ लागली ती लागलीच.

अमेरिकेतल्या साडेतीन हजार किलोमीटरच्या अपालाचियन वाटेवर बाणही नाही; दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरा पट्टा, बस. एकावर एक दोन पट्टे दिसले की समजायचं, आता लक्ष द्या, वळण असेल. फ्रान्सच्या लांब पायवाटांवर तर चुकीच्या फाट्यावर लाल-पांढरी फुली असते. चुकलेल्याचीही सोय. हे मला भारी वाटतं, कारण बाकीकडे चुकलेल्या माणसाला कोणी काही सांगत नाही, त्याला अर्ध्या तासाने आपलं आपणच कळतं.

मात्र दर दहा पावलांवर बाण काढणारे मला चालत नाहीत. इतका अविश्वास कशाला? आणि ताज्या रंगाचा बाण दिसला की मला उलट शंकाच येते. पावसाने धुतलेला, अर्धा उडालेला बाण मात्र मी डोळे झाकून मानते. यामागे तर्क नाही, हे मैत्रिणीने मला चालता चालता दोनदा ऐकवलं.

वाट संपली तिथल्या थांब्यावर एक आजोबा बसले होते. आमचे धुळीने माखलेले बूट बघून त्यांनी विचारलं, "पूल कसा वाटला?"

"कुठला पूल?"

त्यांनी पाठीमागच्या फलकाकडे बोट केलं. पहिल्याच ओळीत होता. जुना, दगडी, दोन कमानींचा. ही वाट आखली गेली तीच मुळी त्या पुलासाठी. मैत्रिणीने फोन काढून फोटो चाळले. एकूण चौदा, त्यातले अकरा बाणांचे. त्यातला एक बाण कठड्यावर होता. म्हणजे आम्ही पूल ओलांडला होता. कठड्याला टेकून पाणीसुद्धा प्यायलो होतो.

बाणाच्या खाली दगडात काहीतरी कोरलेलं दिसत होतं. दोन रेघा आणि एक आडवी. जुने पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर आपली खूण कोरून ठेवत, मजुरी मोजताना घोळ नको म्हणून. तशी असेल. किंवा कुण्या रिकामटेकड्याने चाकूने ओरखडलं असेल. फोटो मोठा करून पाहिला, तर नुसते धुरकट चौकोन दिसायला लागले.

"परत जाऊया का बघायला?" मी म्हटलं.

तेवढ्यात बस आली.